टाच टेकव, दितली

टाच टेकव, दितली. गुडघा सरळ.
डोकं फळीला लाव, माझ्या नाकाकडे बघ.
सुपडाबाई, पाय धरा तिचे,
हसवू नका.

सत्त्याऐंशी.
पुन्हा मोजलं. सत्त्याऐंशीच.
ह्या आखाजीला चार वर्षं भरली
आणि उंची दोन वर्षांच्या पोरीची.

वजनकाट्यावर मात्र ती पास होते.
उंचीला वजन जुळतं, तक्त्यात हिरवा रंग.
मॅडम आल्या होत्या, तिला कडेवर घेऊन म्हणाल्या,
"बाहुलीच आहे गं!"
आणि जीप शिरपूरला परत गेली.
बारकं सगळं गोडच दिसतं,
म्हणून कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.
रजिस्टरात लिहायचं असतं : तीव्र खुजी.
मी ते बारीक अक्षरात लिहिते.

दिवाळीआधी चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली होती.
मग मुकादमाचा ट्रॅक्टर आला.
तापीच्या खालच्या अंगाला, सुरतेकडच्या फडांत
सहा महिने पाचटाच्या खोपीत राहिली ही.
परतल्यावर दुसरी रेघ मारली.
दोन्हींच्या मधे
एक मुंगी मावते.

सुमली विचारते, "बाई, हाई वाढत का नई?"

काय सांगू?
प्रशिक्षणात पहिले हजार दिवस शिकवले होते.
त्या हजारातले तुझे किती होते, सुमली?
पंधराव्या वर्षी हळद.
ही पोटात, सहावा महिना, डोक्यावर मोळी.
जन्मली तेव्हा दोन किलोला पावशेर कमी.
मग कोऱ्या चहात कुस्करलेली भाकर,
पाटाचं पाणी, हगवण,
हगवण थांबली की ताप, ताप उतरला की परत हगवण,
खाल्लेलं अंगी लागायला मधे उसंतच नाही.
ही अंगावर पीत होती तोच दुसरं पोटात.
ह्यातलं कुठलं एक बोट दाखवून सांगू?
सगळं सांगितलं तर तुझ्याच माथी मारल्यासारखं होतं.
म्हणून मी एवढंच म्हणते, रोज एक अंडं दे.
"कोंबड्या इकल्या ना, जाताना."

गुलसिंग दाराबाहेर उकिडवा बसून विडी ओढतो.
"आमचं बेणंच बुटकं, बाई."
त्याच्याच भावाचं पोर बघते मी,
दितलीहून दोन महिन्यांनी लहान.
त्याची आई फडात गेली नाही; दारात शेळी, पलीकडे हापसा.
खुंटीवरची पाटी तो हात उंचावून काढतो
आणि दितलीला देतो.
बेणं एकच.

खाली सडकेला केळीचे मळे आहेत.
प्रत्येक खोडाला नळी, थेंबाथेंबाचा हिशेब,
घडाला निळी पिशवी, ऊन लागू नये म्हणून.
मी कुणाला बोल लावत नाही.
मी तरी काय केलं?
ते निघाले त्या दिवशी नावापुढे लिहिलं : स्थलांतरित.
आहाराची पाकिटं तिकडे पोचतात का,
हे विचारायला माझ्या फोनमधे बॅलन्स होता.

सुमली उठली.
चौकटीला पाठ लावून म्हणाली,
"माले बी मोज."
आमच्या फळीवर मोठी माणसं मावत नाहीत.
शिवणाची टेप काढली, खुर्चीवर चढायची गरज पडली नाही.
एकशे एक्केचाळीस.
आईच्या उंचीला रजिस्टरात रकाना नाही,
म्हणून चौकटीवरच रेघ मारली.
विशीतली बाई लाजून हसली
आणि वळून आपलीच रेघ बघत राहिली,
जशी कुणी दुसऱ्याच्या घराची उंबरठ्यातून बघते.

दितलीला ती रेघ हवी होती.
ती चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला,
उडी मारली, पुन्हा मारली.
मी ह्या वेळी टाच टेकव म्हणाले नाही.
सुपडाबाईंनी खिचडीवरचं झाकण काढलं.
वाफ आधी वर गेली,
पोरं मागून धावली.