टेबल चौतीस

मुलुंडच्या शाळेचा हॉल, चौथी फेरी.
समोर मैथिली कुडाळकर, वय अकरा.
पाय जमिनीला टेकत नाहीत,
पेन्सिलीला मात्र टोक सुईसारखं.

राजापुढचं प्यादं दोन घरं. तिचंही.
मग मी उंटापुढचं सरकवलं,
फुकट. घे म्हटलं.

हे लोबोचं. पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये
डबा बाजूला सारून तो म्हणायचा,
सुरुवातीलाच काहीतरी देऊन टाक रे,
शेवटी द्यायची वेळ आली की हात कापतो.
त्याचा कापायचा. शेवटच्या वर्षी
घोडा उचलायचा
आणि ठेवायचा विसरायचा.
मी घड्याळ थांबवून बसायचो.

मैथिली बघतेय. सतरा मिनिटं.
पंख्यानं स्कोअरशीटचा कोपरा उलटतोय.
हल्लीची पोरं हे सगळं पाठ करून येतात,
घेतात, आणि वीस चालींत निकाल लावतात.

तिनं घेतलं नाही.
उंट काढून सी पाचवर ठेवला, लांबून
थेट माझ्या किल्लेकोटाच्या वाटेवर,
आणि नाक पुसून चाल लिहिली.

प्यादं तिथंच उभं,
दिलेलं, कुणी न नेलेलं.

लोबो, असं झालं तर काय करायचं
ते सांगायचं राहिलं बघ.
माझं घड्याळ चालू आहे.