आठवडा सत्ताविसावा

बाणावलीत ऑर्लंडनं पडदा सारला:
"हा तुमचा समुद्र. वर्षाला सात रात्री,
पंचवीस वर्षं."
दोन माडांच्या फटीत, एसीच्या डब्यावर
निळं काहीतरी होतं, धोतराच्या काठाएवढं.

वसुधा बाथरूमचा नळ सोडून बघत होती.
मी मनात भागाकार:
एका लाटेला किती पडतात?
आणि सत्ताविसावा आठवडा म्हणजे जुलै,
किनाऱ्यावर लाल बावटा.
पंचविसाव्या वर्षी केतकी कुठल्या देशात असेल.
आप्पा तर

"बाकीचे एक्कावन्न आठवडे
इथून कोण बघतं?" केतकीनं विचारलं.
ऑर्लंड पहिल्यांदाच खरा हसला.
"मी. गिऱ्हाईक उठून गेल्यावर."

आप्पा फटीसमोर खुर्ची ओढून
केव्हाचे बसलेले.
मान न वळवता म्हणाले,
सही कुठं करायची?