सातवं होल

बावीस वर्षं इथं दुसऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या.
येरवड्याकडून वारा सुटला की
किती नंबरची स्टिक लागणार
ते साहेबांआधी मला कळायचं.
चेंडू हरवला तर शिव्याही मलाच.

आता कुंपण गेलं.
हिरवळ खरवडून लाल माती, वर रोलर,
आणि फक्कीची बादली माझ्या हातात.

खांब कुठं रोवायचा, यावर
क्रीडा खात्याचे दोघे नकाशा फिरवत बसले.
मी पहार घेतली.
सातवं होल होतं,
तेच वीतभर खोल केलं.
खो-खोचा खांब बसला, हलेना.

संध्याकाळी वस्तीतली करुणा
अनवाणी सुटली, खांबाला हात घालून
गर्रकन वळली,
मागची पोर मातीत लोळली.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
"गुड शॉट, सर."