भावे प्रयोग

ग्रँड फोर्क्सला आले तेव्हा वाटलं होतं,
मानवरहित म्हणजे माणूस नाही.
पहिल्याच उड्डाणाला मोजली माणसं:
एक उडवणारा, एक पडद्याशी,
एक नुसता मान वर करून बघणारा,
एक टॉवरशी बोलणारी,
एक बॅटऱ्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरून उबवणारी
(ती मी),
आणि बिटाच्या ढिगाशेजारी पिकअपमध्ये शेताचा मालक,
ज्याला विचारल्याशिवाय काही उडत नसे.
सहा माणसं. वर चार किलोचं यंत्र
टिटवीसारखं एकटंच कटकटत.

वजा एकोणीसमध्ये चाळीस मिनिटांची बॅटरी
सतराव्या मिनिटाला मान टाकते.
क्वाल सर म्हणायचे,
खोक्यावरचे आकडे उन्हाळ्यात छापलेले असतात.

वर्गात सगळ्यात म्हातारा तोर्गरसन,
जन्मभर फवारणीची विमानं चालवलेला.
दिसतंय म्हणू नकोस, तो म्हणाला,
कुठे दिसतंय ते सांग.
आणि दिसत नसेल तर ते आधी सांग,
मोठ्याने.
नांदेडच्या कॉलेजात चार वर्षं मी
न समजलेलं गिळून मान डोलावली होती.
इथे त्याच मानेला वर बघायचं काम.

फेब्रुवारीत संपर्क तुटला.
तुटला तर काय करायचं, हे त्याला आधीच सांगितलेलं असतं:
थांब, पन्नास मीटर चढ, घरी ये.
घर कुठलं, तेही आपणच सांगायचं,
दोन आकडे, सहा-सहा दशांश स्थळांचे.
वारा फिरला म्हणून आम्ही ट्रक पुलापलीकडे नेला होता.
घर न्यायचं राहिलं.

ते आलं, इमानेइतबारे.
आम्ही सकाळी जिथे होतो तिथे,
आमच्याच टायरांच्या खुणांवर
अलगद उतरलं, पंखे थांबवले.
आम्ही पुलावरून धावत येईपर्यंत
बर्फात बसून होतं,
काहीही न चुकलेलं.

अहवालात मी लिहिलं, गृहबिंदू बदलला गेला नाही.
सरांनी पेन्सिलीने विचारलं, कोणाकडून?
लिहिलं, माझ्याकडून राहून गेलं.
पुन्हा पेन्सिल.
तिसऱ्यांदा, मी बदलला नाही.
इंग्रजीत ते वाक्य ताठ उभं राहिलं.
मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं
तर क्रियापद अजूनही त्या बिंदूच्याच मागे.
भूतकाळात आपली भाषा
कर्त्याला फारसं विचारत नाही.
तरी फीचे बहुतेक पैसे मी
त्या पहिल्या अक्षराच्या नावे टाकते.

एप्रिलमध्ये एक बाई बोलायला आल्या, मॅरिबेथ.
नेवाडातल्या खोलीत सहा वर्षं पडद्यासमोर.
चित्रफीत आणली नव्हती.
एका अंगणाबद्दल बोलल्या, अकरा दिवस वरून पाहिलेल्या.
कुठला मुलगा शेळी दाराच्या डावीकडे बांधतो,
कोण उजवीकडे, ते पाठ झालं होतं.
पाळी संपली की दूध घेऊन घरी.
मागून कोणी विचारलं, मग? बाराव्या दिवशी?
त्यांनी पाणी प्यायलं.
बाटलीचं झाकण लावायला खूप वेळ लागला.

मला बघवेना.

सातवीत पाटणकर बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
मला बघवत नाही. भावे प्रयोग.
क्रियापद ना कर्त्याचं ऐकतं, ना कर्माचं,
एकवचनी, नपुंसकलिंगी, आपलं आपण.
त्या खोलीत वाटलं, हेच ते, मानवरहित.
रात्री वसतिगृहावर वाक्य पुन्हा लिहून पाहिलं.
क्रियापद कोणाचं ऐको न ऐको,
त्यातला 'मला' खोडता येत नव्हता.

शेवटच्या उड्डाणाला नदीवरून धुकं चढलं.
ही नदी उत्तरेला वाहते, तिथे अजून बर्फ असतो,
म्हणून दर वसंतात आपल्याच वाटेत तुंबते.
माझी पाळी बघण्याची होती.
दिसत नाही, मी ओरडले.
बरं, तोर्गरसन म्हणाला,
आता कुठे दिसत नाही, ते सांग.