सोळा नंबरवर कान

तक्रार चारशे सात : बेडरूममध्ये रेंज नाही.
पुंता अरेनास, टेकडीवरची गल्ली, जानेवारी.
साडेआठ झाले तरी ऊन, आणि वारा असा
की गाडीवरची शिडी उतरवताना ती मलाच उतरवते.
घर निळ्या पन्हाळी पत्र्याचं.
पत्रा बघितला की आम्ही मनातच म्हणतो : लागली वाट.

दार दोन्या नेवेन्कानं उघडलं. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे.
"बूट पुसा. आधी माते घ्या."
नळीनं कडू घोट ओढत मी सुरू झालो,
म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या आवाजात :
राउटर म्हणजे, बघा, पोस्टमन.
आतल्या प्रत्येक यंत्राला तो पत्ता देतो,
चोवीस तासांच्या भाडेकरारानं, संपला की पुन्हा मागायचा.
घरात पत्ते दहा असोत,
बाहेरच्या जगाला एकच दिसतो.

"बोटीवर बारा खलाशी," त्या म्हणाल्या, "आणि कॉलसाइन एक."

मी नळी तोंडातून काढली.

एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ ठाण्यात,
सामुद्रधुनीतल्या बोटींशी बोलत, बहुतेक रात्रपाळी.
पिंग?
"ऐकू येतंय का, ओव्हर."
हरवलेलं पॅकेट?
"शेवटच्या आकड्यापासून पुन्हा सांगा, ओव्हर."
डीएनएस म्हटल्यावर उठल्या,
ड्रॉवरमधून रेक्झिनची वही काढली.
डावीकडे नावं, उजवीकडे आकडे.
काही ओळींवर लाल रेघ.
त्या रेघांबद्दल मी विचारलं नाही.

आजूबाजूचे सगळे राउटर सहा नंबरच्या चॅनलवर गर्दी करून होते.
तुम्हाला अकरावर नेतो, मी म्हणालो.
"न्या. वादळात सगळे एकदम ओरडले
की बुडणाऱ्याचंच ऐकू येत नाही."

पण राउटर!
तो होता रस्त्याकडच्या खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीमागे.
मधे लोखंडी चूल, पाण्याचा बंब,
मग बेडरूम. कशी पोचणार लाट?
पॅसेजमधल्या फळीवर ठेवू या, मी म्हणालो,
इथं अर्धी रेंज रस्त्यावर सांडतेय.
"सांडू दे."

मी १९२.१६८.१.१ उघडलं. जोडलेली यंत्रं चार :
टॅब्लेट, टीव्ही, भाच्याचा बंद पडत आलेला प्रिंटर,
आणि *युलेइसीचा फोन*, सिग्नल क्षीण.
ही कोण? पासवर्ड बदलून देऊ?

त्यांनी पडदा बाजूला केला.
काचेवर एक चिठ्ठी, आतून उलटी दिसणारी, रस्त्याकडे तोंड केलेली.
पलीकडे बसथांब्यावर एक मुलगी,
पाठीवर डिलिव्हरीची नारिंगी पेटी,
फोन जॅकेटच्या आत धरून, वाऱ्याला पाठ करून.
"माराकायबोची. पावणेनऊला आईला फोन करते.
तिकडे तेव्हा पावणेआठ."

आणि बेडरूम?

"बेडरूममध्ये मी झोपते.
तिचा आवाज तुटतो, म्हणून तक्रार केली.
फॉर्मवर 'रस्ता' लिहिलं असतं तर आला असतात?"

मी काही बोललो नाही.
कुंडी उचलली : ओली माती लाट पिते.
अँटेना दोन्ही काचेकडे वळवल्या. चॅनल अकरा.
"तिचा पत्ता कायमचा करता येतो का?"
येतो. फोनच्या जन्मखुणेशी बांधून टाकायचा.
त्यानं आवाज सुधारत नाही, मी खरं ते सांगितलं.
"तरी करा."
केला. शेवटचा आकडा त्यांनी सांगितला : सोळा.
त्यांच्या ठाण्यात सोळा नंबरवर
कोणाचा ना कोणाचा कान असायचाच,
जेवताना, नाताळात, कोणी मेलं तरी.

फॉर्म भरला. अडथळा : एक कुंडी.
खोली : बेडरूम.

शिडी बांधत होतो तेव्हा बसथांब्यावरून
ती कोणाला तरी ओरडून सांगत होती,
हो, हो, जेवले,
अगं, आता तुझंच तुटतंय.