लघुतम माप

पाचपावलीच्या शाळेत एकतीस वर्षं
फिजिक्सच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं.
मास्तर नाही मी. पगारपत्रकावर
‘प्रयोगशाळा परिचर, हेडाऊ ग. ल.’

पण चार नंबरचा स्क्रूगेज मला विचारा.
जबडे मिटले तरी शून्यावर येत नाही तो,
तीन घरं पुढं थांबतो.
म्हणजे मधात काहीच नसताना
तीन शतांश मिलिमीटर आहे म्हणतो.
खोटारडा नाही जी, खोड आहे त्याची.
खोड ठाऊक असली की वजा करता येते.
मला भीती नव्या पेटीतल्या चकचकीत गेजची.

पोरं विचारतात, काका,
वजन आन् वस्तुमान वेगळं काऊन?
मी म्हणतो, कळमन्याला जा पहाटे.
पेटीत संत्रं किती भरलं, ते वस्तुमान.
वीस किलो. चंद्रावर नेलं तरी वीसच.
हमालाच्या मानेवर जे बसतं, ते वजन.
ते न्यूटनात लिहायचं, दोनशेला चार कमी.
आणि पेटी डोक्यावर घेऊन
तो अर्धा तास नुसता उभा राहिला,
अडत्या फोनवर बोलून राहिला म्हणून,
तर पुस्तकाच्या हिशोबानं
पेटीवर झालेलं कार्य: शून्य ज्यूल.
पुस्तक चुकत नाही. तिथला ‘कार्य’ शब्दच वेगळा आहे.
एवढं सांगतो
आणि डस्टर शोधायला निघून जातो.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल.
भंडाऱ्याहून आलेले परीक्षक, बिनसाखरेचा चहा.
दोलकाच्या टेबलावरून चोवीस वह्या गेल्या,
चोवीसांत ९.८.
उत्तर आधी लिहिलेलं, सेकंद मागून बसवलेले.
मला कळतं ते. खोडरबराचा चुरा मीच झाडतो.

पंचविसावी मृणाली निखारे. टिमकीची.
शाळेचा दोरा संपला म्हणून
बापाच्या मागावरचं सूत आणलं होतं तिनं,
साठ नंबर, दुपदरी.
(आम्हा कोष्ट्यांचं मोजमाप उलटं:
नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक.)
तिच्या वहीत ९.५८.

‘सगळ्यांचं बरोबर, तुझंच कसं चुकलं?’
‘सर, वीस दोलनांना चाळीस पूर्णांक दोन सेकंद.
तीनदा घेतले.’
‘मग?’
मग ती बोललीच नाही.
गोळा हातात धरला, पट्टी लावली,
पंख्याच्या तीन-चार फेऱ्या होतील इतका वेळ बघत राहिली.
‘मी सूतच मोजलं, सर. गाठीपर्यंत.
हूक राहिला. आणि अर्धा गोळा.
लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची होती.’
अठ्ठ्याण्णवचे शंभर सेंटिमीटर झाले.
पुन्हा गुणाकार, पुन्हा भागाकार,
९.७७. आणि पुढं एकक,
मीटर प्रति सेकंद वर्ग, न विसरता.

‘आता आठच कर ना,’ परीक्षक हसले.
‘तीनच तर कमी आहेत.’
‘घड्याळ दशांशापुढं दाखवत नाही, सर.
जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.’

पहिला आकडा तिनं खोडला नव्हता.
एक आडवी रेघ, खाली वाचता येईल अशी.

गुण किती पडले, ठाऊक नाही.
पाकिटाला लाख लावायचं काम माझं,
आत पाहायचं नाही.

सगळे गेल्यावर स्टँडवरून सूत सोडलं.
चार नंबरच्या गेजात धरलं.
हळूच फिरवायचं, पहिली टिक वाजली की थांबायचं.
जास्त पिळलं तर सूत दबतं,
मग आपण सूत नाही मोजत,
आपला जोर मोजतो.

०.१९ आले.
तीन वजा केले.
काडेपेटीत घातलं, वर लिहिलं: ०.१६ मिमी,
आणि कपाटाला कुलूप लावलं.