जाताना मूल, येताना मोठी

रात्री सोदनोम शेगडीत कोळशाच्या दोन विटा सारतो
आणि पांघरुणात शिरून फोन उघडतो.
उलानबातर ते न्हा ट्रांग, जाऊन येऊन, तिघं.
बाहेर उणे एकतीस.
त्याच्या हनुवटीवर निळा उजेड,
ओठ हलताहेत जप चालल्यासारखे:
माणशी चौदा लाख साठ हजार तुग्रिक.
काल चौदा दहा. परवा तेरा नव्वद.
"उतरेल," म्हणतो, "सणाची गर्दी सरू दे, उतरेल."

त्याचे मामा लुव्सान वसंतात बकऱ्या विंचरायचे,
लोकर पोत्यांत दाबून भरायचे,
पहिल्या व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचे,
दुसऱ्यालाही.
एका वर्षी तिसरा आलाच नाही.
लोकर तंबूत पडून राहिली, तिला कसर लागली.
ही गोष्ट सोदनोम पोट धरून हसत सांगतो
आणि पुन्हा फोनकडे वळतो.
पहिल्याच भावाला हो म्हणणं
त्यांच्या घराण्यात कमीपणाचं.

मी वीजकेंद्रात हिशेब लिहिते,
आकड्यांना मी भीत नाही.
पण हा हिशेब वहीत लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला:
एनेरेलला चौदा जुलैला बारा पूर्ण.
नादामची सुट्टी धरून निघायचं दहाला,
परतायचं सतराला.
बाराच्या आत पाऊण भाडं.
म्हणजे जाताना ती मूल, येताना मोठी,
आणि मधेच कधीतरी,
गुडघाभर पाण्यात उभी असताना,
कुणाला न कळता
तिचं पाव भाडं वाढणार.

हा तिसरा उन्हाळा.
पहिल्या वर्षी थांबलो, जागा संपल्या.
दुसऱ्या वर्षी भाव बरा होता,
तर ट्रकचा गिअरबॉक्स गेला.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी, हे तरी कसं म्हणू,
हातात आलंच काय होतं?
एक पोहण्याचा पोशाख तेवढा.
नारानतूल बाजारातून आणलेला, पिवळा, मासोळ्यांचा,
अजून खणात आहे, किमतीच्या चिठ्ठीसकट.

तेव्हा ती नऊ वर्षांची.
बापाला विचारायची,
समुद्र गोठला की त्याच्यावरून ट्रक जातो का?
समुद्र गोठत नाही, तो म्हणाला.
तिला ते खरं वाटलं नाही.
मग तू काय करतोस, वळसा घालतोस?

मंगळवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते.
ती भिंतीला पाठ लावून बसलेली, मान खाली.
"तुम्ही दोघं जा ना.
मी मावशीकडे राहीन."
रागानं नाही. सहज.
मीठ दे म्हणावं तसं.

भाव उतरायची वाट बघता बघता
पोरीची हौस उतरली होती,
आणि ते कळवायला
फोन एकदाही टिंग करून वाजला नव्हता.

मी हात धुतले नाहीत.
पिठाच्या बोटांनीच उघडलं.
चौदा ब्याण्णव. आठवड्यातला सगळ्यात चढा.
सोदनोम दक्षिणेच्या रस्त्यावर, कोळसा भरून.
त्याला फोन केला नाही,
केला असता तर तो म्हणाला असता, उद्या.
नावं पारपत्रावर आहेत तशी. जन्मतारीख.
मूल की प्रौढ?
दोन्ही, असं उत्तर तिथं नव्हतं.
मी मूल निवडलं.
खाली उरलेलं भाडं त्यानं आपणहून मांडलं.

तो गुरुवारी आला. मी सांगितलं.
त्यानं वाटीतलं सूप संपवलं, वाटी पालथी करून पाहिली.
"खिडकी कुणाची?"
"तिची मागितलीय."
बरं, म्हणाला.

रात्री पुन्हा हनुवटीवर निळा उजेड.
सवय.
मी कूस बदलल्यासारखं करून पाहिलं:
तेरा पंच्याऐंशी.
त्यानं फोन उशीखाली ढकलला.
"बरं केलंस," म्हणाला, "चढलेत."
"वाटलंच होतं मला."

शेगडीत वीट फुटल्याचा आवाज झाला.
मग पलीकडच्या खाटेवरून,
मला वाटत होतं झोपलीय,
"आई, तो पिवळा मला आता होणार नाही."